हिरव्या ठिपक्याची पाकिटं

ताईचे यजमान गेले आणि ती शांती नगरला माझ्याकडे राहायला आली. मी एकटीच असते. त्याच सुमारास आमची कंपनी दुसऱ्या राज्यात हलली आणि माझ्यासारख्या पन्नाशीतल्या क्लार्क बायकांना घरी बसवलं गेलं. दोघी बहिणी दिवसभर एकमेकींची तोंडं बघत बसायचो. मार्शमॅलो, म्हणजे कापसासारखी मऊ पांढरी मिठाई, करून विकायची कल्पना ताईची. तिने केकचा क्लास केला होता.

साखरेचा कडक पाक भिजवलेल्या जेलॅटिनवर ओतायचा आणि तो पांढराशुभ्र, दाट होईपर्यंत फेटायचा. मग ट्रेमध्ये पसरायचा. दुसऱ्या दिवशी तेलाचा हात लावलेल्या सुरीने चौकोनी तुकडे करून ते कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायचे. आमच्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे अर्धा तास उघडे राहिले तरी ते चिकट व्हायचे. पण ताईच्या हाताला चव होती.

कागदपत्रांचं काम माझं. अन्न विभागाची नोंदणी मी केली, पाण्याची तपासणी करून घेतली, लेबलही मीच लिहिलं. घटक पदार्थ जास्तीकडून कमीकडे, वजन, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, आमचा पत्ता. जेलॅटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं, म्हणून नियमाप्रमाणे मांसाहाराची खूण, चौकोनातला तपकिरी त्रिकोण. नोकरी गेल्यावर पहिल्यांदाच काहीतरी नीट केल्याचं समाधान मला त्या लेबलने दिलं.

केबिन रोडवरच्या दुकानदाराने पाकीट उलटं केलं आणि लगेच परत माझ्या हातात दिलं.

"मॅडम, ये तिकोनवाला इधर नहीं चलेगा. ग्रीन डॉट का लाओ, जितना बोलोगे उतना रखूँगा."

पुढच्या चार दुकानांत हेच ऐकलं. त्या भागातली बहुतेक गिऱ्हाइकं शाकाहारी.

मग आम्ही आगर-आगर वापरून बघितलं. ते समुद्री शेवाळापासून बनतं, पूर्ण शाकाहारी. पण तुकडे रबरासारखे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटायचं. तीन आठवडे आम्ही माल फेकत होतो. ताई चिडचिडी झाली, जेवेनाशी झाली.

एक दिवस ती बाहेरून आली ती हातात पिवळट पावडरीची मोठी पिशवी घेऊन.

"व्हेज जेलॅटिन आहे. मुर्धा गावात एक जण घाऊक देतो."

"यावर काहीच लिहिलेलं नाही गं."

"सुटं आणलंय. तू नुसत्या शंका काढत बस."

पहिल्याच दिवशी माल सुरेख झाला. मी नवं लेबल लिहिलं. 'जेलॅटिन'च्या जागी 'वनस्पतिजन्य घट्टकारक' असा शब्द घातला आणि वर शाकाहाराचा हिरवा ठिपका. पावडरीवर गरम पाक ओतला की जुन्या जेलॅटिनसारखाच वास यायचा. तो मला येत होता. मी खिडकी उघडायचे.

पाकिटं खपायला लागली. समोरच्या फ्लॅटमधली बेन दर आठवड्याला दोन न्यायची. बेन जैन, माझ्याच वयाची. मला डेंग्यू झाला होता तेव्हा दोन आठवडे मुगाचं पाणी तिनेच आणून दिलं होतं. तिच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना बा म्हणायचो, अंथरुणाला खिळलेल्या. तोंडात एक दात नाही. आयुष्यात कांदासुद्धा न खाल्लेली बाई. पहिल्यांदा घेताना बेनने पाकिटावरचा ठिपका बघितला, घटकांची यादी वाचली, मला विचारलं, "पक्का ना?" मी म्हटलं, "पक्का." त्यानंतर बांना रोज एक मिळायला लागला. तो जिभेवर आपोआप विरघळायचा. मी गेले की बा माझ्याकडे बघून हात पुढे करायच्या.

मग बा गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी दूध, पेज सगळं नाकारलं होतं, फक्त आमचा तो तुकडा तेवढा घ्यायच्या. प्रार्थनासभेनंतर बेन माझा हात धरून म्हणाली, "तुम्हारे हाथ का मीठा खाके गई."

त्यानंतर महिन्याभराने अन्न निरीक्षक बाई तपासणीला आल्या. शांत, नेमकं बोलणाऱ्या. ओटा, फ्रिज, पाण्याचा रिपोर्ट बघून झाला. मग त्यांनी लेबल वाचलं.

"हे घट्टकारक म्हणजे नेमकं काय? नाव काय त्याचं? बिल दाखवा."

ताई आत निघून गेली. मी ती पिशवी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"पुरवठादाराकडून लेखी आणा. तोवर माल बाहेर पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी मी मुर्ध्याला गेले. जुन्या मिठागरांच्या बाजूला, अर्धवट उभ्या इमारतींच्या मागे त्याचं पत्र्याचं गोदाम होतं. मी कागद मागितला. माणूस गोंधळून बघत राहिला.

"व्हेज-बिज काय न्हाय, ताई. साधं जेलॅटिन हाय ते. तुमच्या त्या दुसऱ्या ताईला मी सांगलं व्हतं."

घरी आल्यावर मी ताईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुला माहीत होतं?"

"आणि तुला नव्हतं?" ती म्हणाली. "वास तुला येत नव्हता?"

मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेली पाकिटं मोजायला बसले.

दोन दिवस मी दुकानांतून पाकिटं परत गोळा केली. निरीक्षक बाईंना खरं काय ते लिहून दिलं. नोटीस आली, आम्ही धंदा बंद केला. केबिन रोडवरचा तो दुकानदार गिऱ्हाइकांसमोर वाट्टेल ते बोलला. मी ऐकून घेतलं. ते सोपं होतं.

बेनला सांगू नकोस, असं ताई रोज म्हणत होती. "म्हातारी सुखाने गेली. आता तिला काय फरक पडतो?" पण बेन समोर आली की मी पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागायचे. एका दुपारी तिच्या घरी कोणी नसताना मी गेले आणि सगळं सांगितलं. वासाचंही.

बेन खुर्चीत बसली होती. मग उठून तिने डब्यात उरलेलं अर्धं पाकीट काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि हात धुतले. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बा तो गई. अब मेरे को क्यों बताया?"

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं वाटेल. मी माझं ओझं उचलून तिच्या घरात ठेवून आले होते.

"घर में किसी को मत बोलना," ती म्हणाली. "इनको तो बिल्कुल नहीं." आणि दार लावून घेतलं.

ताई अजून माझ्याकडेच आहे. आम्ही भाजीपाला, औषधं, टीव्ही यावर बोलतो. बेन लिफ्टमध्ये भेटली की मान हलवते. त्यांच्याकडून वाटी येत नाही, आमच्याकडून जात नाही.

जैनांचं पर्युषण पर्व संपलं त्या दिवशी ती मजल्यावरच्या प्रत्येक दाराशी गेली. आमच्याही आली. हात जोडून म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम." वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं. क्षमा तिने मागितली, माझ्याकडे. मीही हात जोडून तेच शब्द म्हटले. ती माझ्या खांद्यावरून आतल्या भिंतीकडे बघत होती. शब्द संपले, आणि ती शेजारच्या दाराची बेल वाजवायला वळली.