रुखमाबाईचं कोरियन

माणसानं एकटं राहावं, पण एकट्यानं बोलू नये. बोललंच, तर गावाला कळेल असं बोलावं. मोहटोल्याच्या रुखमाबाईला हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ती थोडीच ऐकणार होती!

मोहटोला म्हणजे सावली गावाच्या पुढे, वैनगंगेकडे उतरताना लागणारं धानाचं गाव. रुखमाबाई तिथली ढिवराची विधवा. नवरा तलावात जाळं टाकायला गेला तो परत आला नाही, पोटी मूलबाळ नाही. मासे धरायचे, विकायचे आणि दुपारी ओसरीत जाळं दुरुस्त करत बसायचं, एवढाच तिचा संसार. शेजारच्या देवाजीचा शीलू मात्र तिच्याच हातचा झिंग्यांचा रस्सा खाऊन मोठा झालेला.

शीलूचं पुरतं नाव शीलरत्न. छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं घर, तेव्हा पोरानं शिकायचं म्हणजे शिकायचंच. शिकता शिकता पोरगं पार दिल्लीच्या विद्यापीठात पोचलं आणि जपानी शिकू लागलं. जपानीनं पोट भरलं नाही म्हणून की काय, दुसरी एक परदेशी भाषा घ्यावीच लागते असा तिथला नियम निघाला. चिनीचा वर्ग भरलेला होता, म्हणून त्यानं कोरियन घेतली. कोरिया कुठल्या दिशेला हे देवाजीला ठाऊक नव्हतं, पण तिथे बुद्धाचं नाव घेणारी माणसं आहेत एवढं कळल्यावर त्याची छाती फुगली.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात शीलू सुटीवर आला तो तोंड पाडूनच. कोरियनच्या तोंडी परीक्षेत त्याची दातखीळ बसली होती. रोज कुणाशी तरी बोल, नाहीतर डिसेंबरात पुन्हा आपटशील, असं मास्तरांनी बजावलं होतं. आता मोहटोल्यात कोरियन बोलणारं माणूस आणायचं कुठून? आईला विचारलं तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. शेवटी तो रुखमाबाईच्या ओसरीत जाऊन बसला.

"मोठीमाय, मी विचारतो, तू फकत जबाब दे."

"हात रिकामे नाईत, तोंड रिकामं हाय," ती म्हणाली. "बोल."

तो विचारायचा, "ऑदी गायो?" म्हणजे, कुठी चालली? ती जाळ्यावरून नजर न उचलता सांगायची, तलावावर, नाहीतर बाजाराला. तेही त्याच्याच भाषेत, जसं त्यानं पढवलं तसं. ढग दिसला की म्हणायचं, "पिगा वायो", पाऊस येऊन राह्यला. खरं सांगू? त्या बाईला भाषेचं काही पडलेलं नव्हतं. नवरा गेल्यापासून तू कुठी चालली म्हणून तिला कुणी विचारलंच नव्हतं. आता रोज दुपारी कुणीतरी विचारत होतं आणि ती सांगेपर्यंत थांबत होतं. त्या सुटीत ती जेवढी हसली तेवढी स्वतःच्या लग्नातही हसली नसेल.

शीलू दिल्लीला गेला, पण बोलणं मागेच राहिलं. रुखमाबाई आता दोन्हीकडचं एकटीच बोलू लागली. स्वतःच विचारायची, स्वतःच जबाब द्यायची.

"काऊन वं, कोनासंग बोलून राह्यली?" विहिरीवर गुणाबाईनं विचारलं.

"शीलूसंग," ती म्हणाली.

शीलू तर दिल्लीत. असं बोलू नये हो! पण जिच्या मनात पाप नाही, तिला जपून बोलायचं सुचत नाही.

दिवाळीनंतर धान कापून शेतात पसरलेलं होतं. विहिरीवर पाणी ओढता ओढता रुखमाबाईनं वर पाहिलं आणि सवयीनं म्हणाली, "पिगा वायो." गुणाबाईनं अर्थ विचारला. हिनं भोळेपणानं सांगितला. संध्याकाळी पाऊस सुरू झाला तो हटेचना, आणि कापलेल्या धानाला शेतातच कोंब फुटले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय. पण ज्याचं धान सडलं त्याला कावळाच दिसतो.

मग गावातल्याच झिंगूची धाकटी पोरगी तापानं गेली. तिच्याशीही रुखमाबाई त्याच भाषेत लाडानं बोलायची, कुठी चालली म्हणून. गावचा पुजारी वारलू म्हणाला, बाई बाहेरचं बोलते, आणि त्यानंतर कुणी तिचे मासे घेईना. ती विहिरीवर आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. एका सकाळी तिचं जाळं तलावाच्या काठावर सापडलं, कुणीतरी चिंध्या करून टाकलेलं. कुणी भांडलं नाही की शिवी दिली नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

रुखमाबाई भ्याली. पल्याडच्या गावात मागच्या साली अशाच एका बाईला जादूटोणा करते म्हणून गावानं मारलं होतं आणि पोलिसांना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, पाय घसरून विहिरीत पडली. रुखमाबाईनं बोलणंच बंद केलं, मराठीसुद्धा. तर गाव म्हणालं, पाहा, मंतर लपवून राह्यली. बोललं तरी फाशी, न बोललं तरी फाशी.

डिसेंबरात शीलू पास होऊन आला आणि पिशवी न ठेवताच तिच्याकडे धावला. तिनं दार अर्धंच उघडलं.

"घरी जा. इथी येऊ नको."

त्याला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चावडीपुढे बैठक भरली तेव्हा सगळं कळलं.

"कोनापासून शिकली?" वारलूनं विचारलं. रुखमाबाई जमिनीकडे पाहत उभी होती.

शीलू उठला. "मी शिकवलं. मंतर नाई हे, भाषा हाय. दिल्लीत याची परीक्षा असते."

शाबास पोरा. पण खरं बोलून गाव थोडंच निवतं? झिंगूचे डोळे रडून रडून सुजलेले होते. तो सावकाश म्हणाला, "म्हंजे गुरू तू."

शीलूजवळ बसलेली माणसं सरकली, आणि मागचे चार जण पुढे आले. देवाजीचा चेहरा राखेसारखा झाला. गावाच्या कडेला मोजकी बौद्धांची घरं, पेटायला किती वेळ लागणार! रुखमाबाईनं ते सगळं पाहिलं आणि तिला कंठ फुटला.

"खोटं बोलून राह्यला पोरगा, मले वाचवाले. मी सासूपासून शिकली. याले काई येत नाई."

वारलू शीलूकडे वळला. "काय रे? बाई खरं बोलते का तू?"

शीलूनं तोंड उघडलं. देवाजीनं त्याचं मनगट धरलं. रुखमाबाईनं पोरावर डोळे रोखले, बोलू नको, बापा, बोलू नको. एवढ्या कळकळीनं तिनं देवाकडेही कधी काही मागितलं नव्हतं.

शीलूनं मान खाली घातली.

तिनं मागितलं तेच तिला मिळालं होतं. तरी ती जेवढी एकटी पडली, तेवढी नवरा गेला तेव्हाही पडली नव्हती. एकदा बोललेलं पोर दुसऱ्यांदाही बोलेल, असं मनाच्या तळाशी तिला वाटत होतं.

देवाजी पोराला धरून घराकडे निघाला, आणि बाकीची माणसं रुखमाबाईकडे.