अप्पांचा टीव्ही विकणे आहे

मन्मथअप्पांच्या घरी टीव्ही विकत घ्यायला गेलेल्या माणसाने आधी काही विचारायचं नसे. पहिला प्रश्न अप्पांचा. "घरात अकरावी-बारावीला कोण हाय का?" कोणी असलं तर टीव्हीवरची चादरसुद्धा निघत नसे. नसलं तर दुसरा प्रश्न, "समोर बसणारी माणसं किती?" आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांचीही इतकी चौकशी होत नाही. एका वापरलेल्या पंचावन्न इंची टीव्हीसाठी लोक ती सहन करत, कारण किंमत माफक होती आणि चहात आलं भरपूर असे.

लातूरबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. आमच्या शहरात मुलाचं किंवा मुलीचं अकरावीचं ॲडमिशन झालं की घरातला टीव्ही काढतात. कोणी गावाकडे भावाला देतं, कोणी माळ्यावर टाकतं, कोणी विकतं. कुठल्या पोथीत हे लिहिलेलं नाही, पण सुतक पाळावं तसं पाळतात. नातेवाइकांचा फोन आला की ते मुलाची तब्येत विचारायच्या आधी "टीव्ही काढला का?" असं विचारतात. "काढला" म्हटलं की पोरगं निम्मं डॉक्टर झालं असं धरून चालतात. उरलेलं निम्मं क्लासवाल्या सरांकडे.

आमची गल्ली क्लासेसच्या ऐन गर्दीतली. रेणापूर, औसा, उदगीर अशा गावांहून आया आपापली लेकरं घेऊन इथे खोल्या करून राहत आणि परीक्षा झाली की जात. शेजारी कोण आहे हे कळायच्या आत शेजारी बदललेला असे. शांतता मात्र कडक. एकदा माझ्या घरात कुकरची शिट्टी झाली तर वरच्या मजल्यावरच्या ताईंनी खाली डोकावून "जरा हळू" असं बजावलं. कुकरला हळू शिट्टी मारायला कसं शिकवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा मुलगा बारावीला होता, त्यामुळे त्यांना सांगायची गरजही नव्हती.

अशा गल्लीत तळमजल्यावर मन्मथअप्पा राहत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी फलाटावर गाड्या पुकारण्यात गेलेली, त्यामुळे साधं "चहा टाकू का?" विचारलं तरी निलंग्याची गाडी लागल्यासारखं वाटे. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी सोनाली, उशिरा झालेली. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाडेकरू होतो. विमा कंपनीत कारकून होतो, पण अप्पा मला "सर" म्हणत. लातुरात शर्ट खोचलेला प्रत्येक माणूस सर असतो.

टीव्ही त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. तो भिंतीवर टांगलेला नव्हता, चौरंगावर बसवलेला होता. समोर सतरंजी आणि दार सताड उघडं. मॅच असली की भाजीवाला, इस्त्रीवाला, रस्त्याने जाणारा कोणीही आत येऊन बसे. मग सोनाली अकरावीला गेली. ती सकाळपासून अभ्यासिकेत बसे आणि फक्त रात्री जेवायला-झोपायला घरी येई, म्हणजे टीव्ही चालू आहे की बंद हे तिला कळण्याचाही संभव नव्हता. मी अप्पांना तसं म्हटलंही.

"सर, पोरगी तिकडं घासून राहिली आन् बाप हिकडं मॅच बघून राहिला, बरं दिसंल का?" अप्पा म्हणाले. "इकून टाकतो."

दुसऱ्या दिवशी पानटपरीवर कागद लागला, "टीव्ही विकणे आहे". मोबाईलच्या ग्रुपवरही फोटो फिरला. गल्लीने समाधानाचा सुस्कारा सोडला. वरच्या ताईंनी तर मला जिन्यात थांबवून अप्पांचा त्याग समजावून सांगितला.

पण विकायची वस्तू चालवून दाखवावी लागते. अप्पा गिऱ्हाइकांना नेमके मॅचच्या वेळेला बोलावत. "गवताचा हिरवा रंग बघा की, असा रंग दुकानात दिसत न्हाई," असं म्हणून चादर काढत आणि आवाजही दाखवत, कारण आवाज हा टीव्हीचाच भाग आहे. एका गिऱ्हाइकाबरोबर दोघं येत, ते चौथ्याला फोन करत, आणि भाजीवाला व इस्त्रीवाला मत द्यायला बसतच. ताई वरून ओरडत, "अप्पा, टीव्ही चालू आहे का हो?"

"इकून राहिलो की, ताई!" अप्पा पुकारत. विकणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

गंमत अशी की टीव्ही विकला मात्र जाईना. एमआयडीसीतलं एक नवं जोडपं आलं, रोख घेऊन आलं. "दोघातच बघणार? नवं लगीन हाय, एकमेकाचं तोंड बघा की अजून वरीसभर," म्हणून अप्पांनी त्यांना चहा पाजून काढून लावलं. सलूनवाला आला. "गिऱ्हाईक तुझ्या आरशात बघंल का ह्याच्यात बघंल? मान हलली की कान गेला." तोही गेला. शेवटी एका क्लासचे सर स्वतः आले. वर्गात पोरं मावत नव्हती, म्हणून बाहेरच्या पत्र्याखाली बसणाऱ्यांना फळा दिसावा यासाठी त्यांना मोठा पडदा हवा होता. अप्पा म्हणतील ती किंमत द्यायला तयार होते. अप्पा हात जोडून म्हणाले, "सर, ह्या टीव्हीनं आजवर एक बी पोरगं रडवलं न्हाई. त्याचं नाव कशाला खराब करता?"

एवढ्या सगळ्यात सोनाली येई, स्वयंपाकघरात ताट घेऊन बसे, जेवे आणि आतल्या खोलीत जाई. गिऱ्हाइकं सरकून तिला वाट देत. "आमची डॉक्टर," असं अप्पा मोठ्या अभिमानाने सांगत आणि पुन्हा गवताच्या हिरव्या रंगाकडे वळत.

मी एकदा न राहवून विचारलं, "अप्पा, खरं सांगा. विकायचाय की नाही?"

अप्पा नेहमी पुकारून बोलायचे, ते त्या दिवशी पहिल्यांदाच हळू बोलले. "भूकंपात आमचं घर बसलं, सर. माळवदाची माती अंगावर आली. वरून माणसं चालून राहिलेली मला ऐकू येत व्हती, माझा आवाज त्यास्नी जात नव्हता. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, मन्मथ पडवीच्या कोपऱ्यात झोपतो, तिथं उकरा. तिचं रोजचं येणं-जाणं, म्हणून तिला ठाव. पलीकडच्या घरात कोणी येत-जात नव्हतं. त्यास्नी कुठं उकरायचं, कोणालाच सांगता येईना. आपल्या घरात चार माणसं यावीत. कोण कुठं बसतो, कुठं निजतो, बघून जावीत. ह्या गल्लीत उद्या काय झालं तर मला कुठं शोधायचं, कोण सांगंल?"

"मी सांगेन," मी म्हटलं.

"तुमी दिवसभर हापिसात," अप्पा म्हणाले आणि चहा टाकायला उठले. मला त्यांच्या टीव्हीवर इतके दिवस केलेले सगळे विनोद एकदम परत घ्यावेसे वाटले.

नंतर मुदखेडहून सलीमभाई आले. चादरी-सतरंज्यांचा व्यापार, सोबत दोन भाऊ आणि स्वतःचा टेम्पो. अप्पांनी पहिला प्रश्न टाकला. अकरावीला कोणी नव्हतं. मुलींची लग्नं झालेली, नातवंडं अजून बालवाडीत. दुसरा प्रश्न आला, बसणारी माणसं किती?

"हमारे घर में गिनते नै, अप्पा," सलीमभाई म्हणाले. "जागा बची के एक और को आवाज देते."

अप्पा गडबडले. त्यांनी शेवटचा उपाय केला. "भिंतीवर टांगाल. मला ते पटत न्हाई. खाली ठिवावा लागंल."

"खालीच ठिवू. बच्चे बी खालीच बैठते."

अप्पांपाशी प्रश्न संपले. सलीमभाईंनी घासाघीस केली असती तर कदाचित तेवढ्यावरून मोडलं असतं, पण त्या भल्या माणसाने तेही केलं नाही. टेम्पोत टीव्ही आडवा ठेवायचा नाही, उभाच धरायचा, हे अप्पांनी दोन्ही भावांना आळीपाळीने सांगितलं आणि टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

गल्लीने अप्पांचं अभिनंदन केलं. ताईंनी वरून वाटीभर शिरा पाठवला. आता कोणी येईना. दार उघडंच असे, पण चौरंग रिकामा पाहून भाजीवालासुद्धा बाहेरूनच भाव सांगून जाई. एका संध्याकाळी अप्पांनी मला हाक मारली. "सर, जेवायला या. घर खायला उठलंय."

आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. सोनाली भाकरी वाढत होती. वरून ताईंच्या मुलाचं पाठांतर ऐकू येत होतं, इतकं शांत होतं. अप्पांना गप्प बसायची सवय नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काय गं, काय म्हणतोय तुझा क्लास?"

"अप्पा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं," सोनाली म्हणाली.

माझा हात ताटातच राहिला. उठावं तर वाईट दिसतं, बसावं तरी वाईट दिसतं.

"कधीपासून?" अप्पांनी विचारलं.

"दिवाळीपासून सांगायचं होतं. मी घरी आले की कोणी ना कोणी टीव्ही बघायला बसलेलंच असायचं." तिचे डोळे भरून आले होते. "त्यांच्यासमोर तुम्ही मला डॉक्टर म्हणायचात. मग कसं सांगू?"

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. सगळ्या मुलखातल्या माणसांना घरात किती जण, काय करतात असं खोदून खोदून विचारणारा हा माणूस. स्वतःच्या घरात दोनच माणसं होती. त्यातल्या दुसऱ्या माणसाला त्याने काही विचारलं नव्हतं.

"मग काय व्हायचं म्हणतीस?"

"अजून ठरलं नाही."

"बरं," अप्पा म्हणाले. "बस. तू बी वाढून घे. बोल आता."

ती बोलायला लागली आणि मी हात धुऊन निघालो. दार ओढून घेताना आतून तिचाच आवाज येत होता. अप्पांचा येत नव्हता.

अप्पांना जाऊन आता काही वर्षं झाली. सोनाली नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि चांगला शिकवते असं ऐकतो. पण तेव्हा बातमी गल्लीभर झाली तसा गल्लीने मोठा शोक केला. ताई तर मुद्दाम खाली उतरून आल्या आणि हळहळून म्हणाल्या, "अरेरे! म्हणजे टीव्ही उगाचच विकला की हो, अप्पा!"

"न्हाई, ताई," अप्पा म्हणाले. "उशिरा इकला."