मैदानातल्या गवताचा भारा

शेताच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं गवत कापलं, की त्या वासानं मला फुटबॉलचं मैदान आठवतं. त्या वर्षी मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मेडशीहून मुंबईकडं कामाला गेलो होतो. देशोदेशींचे संघ खेळायला यायचे होते, म्हणून सगळं शहर रंगरंगोटीला लागलेलं, आणि आम्हा बायकांच्या वाट्याला मैदानातलं तण आलेलं. दुसऱ्या दिवशी बाहेरदेशचे साहेब तपासायला येणार होते. मैदान पसंत पडलं नाही, तर सामने दुसऱ्या शहरात जाणार होते. खुरपं लावायला मनाई होती. जाऊबाईंनी चपला बाहेर काढल्या, सोयाबीनमधलं तण निंदायला धरावी तशी एका ओळीची पात धरली आणि एकेक तण बोटांनी मुळासकट असं उपटलं, की खालच्या गवताला कळलंही नसेल. दुसऱ्या दिवशी साहेब आले, गुडघ्यावर बसले, गवतावरून हात फिरवत राहिले आणि हसून उठले. संध्याकाळी पाहते तर जाऊबाई यंत्रानं कापलेल्या गवताचा भारा बांधत होत्या. "हे कायले वो बाई?" मी विचारलं. "गायीले," त्या म्हणाल्या, आणि गाय तर गावाकडं, हे ध्यानात येऊन आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता त्यांनी भाऱ्यात तोंड खुपसलं, ते बराच वेळ वर केलं नाही. आता मोबाइलवर कुठलाही सामना लागला, की घरचे चेंडू पाहतात, आम्ही दोघी गवत. खेळाडू आडवा पडला, की जाऊबाई ओरडतात, "ऊठ रे बापा लवकर, गवत दबून राह्यलं!"