थर्ड शिफ्टचा डबा

परवा बाबांच्या हार्टचं ऑपरेशन झालं. सकाळी वाकडहून निघताना गाडी चालवायचा धीरच झाला नाही, कॅब केली... आणि चिंचवडच्या हॉस्पिटलपर्यंत त्या ड्रायव्हरला "भाऊ, जरा लवकर" म्हणून अगदी वात आणला. सिग्नल काही माझं ऐकत नव्हते.

बाबा मात्र मजेत. हिरवा गाऊन घालून कॉटवर बसलेले, सिस्टरशी गप्पा चाललेल्या. मला बघून म्हणाले, "काय गं, तुझंच ऑपरेशन असल्यासारखा चेहरा केलायस!"

आत नेताना मात्र त्यांनी स्ट्रेचर जरा थांबवायला लावलं. हात जोडले, डोळे मिटले आणि आपलं नेहमीचं वाक्य पुटपुटले... "माझी शिफ्ट संपली. आता तुझी."

दार बंद झालं आणि मला रडूच फुटलं. हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेय, पण परवा पहिल्यांदाच ते कानाला नको झालं. शिफ्ट संपली म्हणजे काय... बाबा, असं काय बोलता?

संत तुकाराम नगरात आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत मशीनवर, त्यामुळे घरसुद्धा शिफ्टवर चालायचं. फर्स्ट असली की संध्याकाळी बाबांबरोबर बागेत भेळ, आणि थर्ड, म्हणजे रात्रपाळी, असली की दिवसा बाबा झोपलेले म्हणून रेडिओ बंद, भांडीही हळू घासायची.

कंपनीत एक नियम होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. यात बाबांनी स्वतःचा एक नियम जोडलेला... एकदा त्याला चार्ज दिला की मागे वळून बघायचं नाही. नाहीतर त्याला वाटतं, याचा आपल्यावर भरवसा नाही.

बाबांनी हाच नियम देवालाही लावला होता. झोपायच्या आधी भिंतीवरच्या देव्हाऱ्यापुढे उभे राहायचे. कंपनीत संप असो, मला ताप असो, घरात काहीही चाललेलं असो... "माझी शिफ्ट संपली. आता तुझी." आणि अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला सुरुवात. आईला त्या घोरण्याचा भारी राग यायचा.

मला वाटायचं, देव खरंच बाबांचा रिलीव्हर आहे. थर्ड शिफ्टला बाबांच्याच मशीनवर उभा राहतो. पण थर्ड शिफ्टला जाणारी माणसं तर डबा घेऊन जातात... मग देवाचा डबा कुठंय?

मी आईच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ती बिचारी एका छोट्या स्टीलच्या डब्यात पिठलं-भाकरी भरून देव्हाऱ्याखाली ठेवायला लागली. आणि सकाळी डबा रिकामा! आमचा देव पिठलं खातो, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते.

(फर्स्टला निघताना बाबाच तो डबा फस्त करून जायचे, हे कळायला बरीच वर्षं लागली.)

तर परवा... मी सारखी उठून त्या काचेच्या दाराशी जात होते. मोबाइलवर नको नको ते वाचत होते. आई तिथेच बाकावर बसलेली. ती चाकणजवळच्या खेड्यातली, इतकी वर्षं पिंपरीत राहूनही बोली तशीच. ती म्हणाली, "अगं बस की आता. त्यांनी चार्ज दिलाय न्हवं? मग तू कशापायी मागं बघतीस?"

आणि तिने पिशवीतून एक छोटा डबा काढला. तोच! झाकणाला पोचा आलेला, कारण मीच तो पाडला होता. मी बघतच राहिले, तर म्हणते कशी, "आज त्याची शिप्ट हाय. उपाशी कसं ठिवायचं?"

मला हसू आलं आणि रडूही. मग मीही डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, माझी शिफ्ट संपली देवा, आता तुझी. मोबाइल पर्समध्ये टाकला. चमत्कार वगैरे काही झाला नाही, भीती होतीच... पण ती आता माझ्या एकटीची राहिली नाही.

शेजारी एक बाई बसली होती, लातूरकडची. कामावरून येताना नवऱ्याचा ॲक्सिडेंट झालेला, तोही आतच. इथे जवळचं कुणी नाही, सकाळपासून नुसत्या पाण्यावर होती.

आईने डबा तिच्यापुढे धरला. ती नको नको म्हणायला लागली, तर आई म्हणाली, "घे गं बाय. ह्यो देवाचा डबा हाय, आमचा न्हाई." ती खाता खाता रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. मी तिथेच खाली बसले.

काल आयसीयूत भेटायला सोडलं. अंगभर नळ्या, आवाज अगदी खोल गेलेला. मी म्हटलं, "बाबा, आईने तो डबा आणला होता... देवाचा."

बाबांनी डोळे उघडले. "रिकामा झाला का?"

"हो बाबा. सगळा."

ते गालातल्या गालात हसले. "मग आला होता गं तो."

(त्या बाईच्या नवऱ्यालाही आज वॉर्डात हलवलंय. आई तिच्यासाठी पुन्हा डबा घेऊन गेलीय.)

काल भेटायची वेळ संपली आणि सिस्टरने बाहेर काढलं. दाराशी सवयीने मागे वळणार होते... नाही वळले. घरी आले आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

आई म्हणते, मीसुद्धा अगदी बाबांसारखीच घोरत होते.