फरशीवरची पावली

समस्त सज्जनांस, सत्पुरुषांस आणि हॉटेलात बिल आलं की ज्यांना नेमकं हात धुवायला जावं लागतं अशा सर्व सद्गृहस्थांस कळवण्यात येते की, या भूतलावर बक्षीस देण्याच्या दोनच रीती आहेत. एक, घेणाऱ्याच्या हातावर ठेवणे. दुसरी, त्याच्या पायाशी टाकणे. तिसरी म्हणजे न देणे. पण ती रीत नसून स्वभाव आहे, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही. या दोन्ही रीतींचं शिक्षण मला एकाच माणसानं दिलं. तोच हात, तीच पावली. मधे फक्त माझं आडनाव आलं.

ठण्ण.

हा दुसऱ्या रीतीचा आवाज. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. पण त्या सगळ्या गदारोळातून मला आजही हा एवढासा आवाज वेगळा ऐकू येतो. हॉस्टेलची खोली नंबर नऊ. लाल पॉलिशची फरशी. डाव्या हातात चहाचा ट्रे, उजवा हात दर रविवारसारखा पुढे केलेला. साहेबानं पावली माझ्या हातापर्यंत आणली. थांबला. हात वीतभर बाजूला नेला आणि बोटं उघडली. पावली गोल गोल फिरत पलंगाखाली गेली.

"उचल," साहेब म्हणाला.

मी गुडघे टेकले. पलंगाखाली डोकं घातलं. वर पसरलेली चादर सकाळी मीच घातली होती. पलंगाखालचे बूट मीच चमकवले होते. पावली काढली, उठलो आणि सलाम केला. होय, सलामसुद्धा केला. सवयीनं हात वर गेला. पुढं बरेच दिवस मला त्या पावलीपेक्षा त्या सलामाचा जास्त राग येत होता.

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. आम्ही भंडाऱ्याकडचे. माझा मामा कारखान्याच्या बांधकामावर होता, जवळच्या बोरसी गावात खोली घेऊन राहायचा. त्यानं मला बोलावून घेतलं. अविवाहित इंजिनिअर साहेबांसाठी एक हॉस्टेल होतं, तिथं मी रूम-बेअरर म्हणून लागलो. नोकरी कच्ची. पण मामानं सगळी माहिती काढली होती: चांगल्या वागणुकीचा दाखला आणि त्यावर एका इंजिनिअरची सही मिळाली, की कारखान्यात पक्क्या नोकरीसाठी नाव जातं. पक्की नोकरी म्हणजे क्वार्टर. क्वार्टर म्हणजे आईला गावाकडून आणता येणार. तिकडं ती अजून पाटलाच्या अंगणाबाहेर उभी राहून भाकर मागत होती. मला फक्त एक सही पाहिजे होती.

आमचे हेड बेअरर होते रहीमचाचा. कामठीच्या क्लबात गोऱ्या साहेबांच्या हाताखाली तयार झालेले. बक्षीस घेणं ही त्यांच्या मते गाण्यासारखी कला होती. ते आम्हाला रिकाम्या डायनिंग हॉलमध्ये उभं करून तालीम द्यायचे. हात किती पुढे करायचा? मागितल्यासारखा वाटणार नाही इतका. किती मागे? नको म्हटल्यासारखा वाटणार नाही इतका. नाण्याकडे बघायचं नाही, साहेबाच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघायचं. खिशात वाजू द्यायचं नाही. चाचा स्वतः साहेब व्हायचे, चाव्यांच्या जुडग्यातला बिल्ला बक्षीस म्हणून द्यायचे आणि परत घ्यायचे.

आणि तालमीच्या शेवटी कायदा. तो ते बोट उभं करून सांगायचे.

"मेज पे छूटा, पलंग पे छूटा, फर्श पे गिरा, सब साहब का. हथेली पे आया, वो तेरा."

हा कायदा मोडला की नोकरी गेली. फरशीवर सापडलेलं बटणसुद्धा मॅनेजरकडे जमा करायचं. मॅनेजर फौजेतून रिटायर झालेला माणूस, नियमाचा भुकेला. डायनिंग हॉलमध्ये त्यानं काचेचं कपाट ठेवलं होतं. सापडलेली वस्तू त्यात जायची आणि रविवारी जेवणाच्या वेळी तो ग्लासवर चमचा वाजवून जाहीर करायचा: कमरा नंबर अमुक, एक कंगवा, फर्श पर मिला. ज्याचा असेल त्यानं उठून न्यायचा.

नऊ नंबरचे साहेब नवे आले तेव्हा मी हरखलो होतो. हॉस्टेलात बंगाली, पंजाबी, मद्रासी, सगळे. मराठी बोलणारे हे एकटेच. मी आपणहून त्यांची जास्त कामं करायचो. तेही खूश. एकदा दाखल्याचा विषय काढला तर म्हणाले, "आण की, करतो सही. आपल्या माणसाला नाही करायची तर कोणाला?" आपल्या माणसाला! मी त्या दिवशी बोरसीपर्यंत सायकल गात गात हाणली.

मग दाखला लिहायला बसले तेव्हा त्यांनी नाव विचारलं. आडनाव विचारलं. गाव विचारलं. इथपर्यंत ठीक. पुढं विचारलं, घर गावात की गावाबाहेर.

मी छाती काढून म्हणालो, "आमी बौद्ध आहो साहेब."

"ते आत्ताचं झालं," साहेब म्हणाले. "आधी कोण?"

मी सांगितलं. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. दाखला बघू पुढं, म्हणाले. आणि त्याच रविवारी ठण्ण.

गंमत बघा. बंगाली साहेब हातात द्यायचे. मद्रासी साहेब हातात द्यायचे. त्यांना माझं आडनाव वाचता येत नव्हतं! हजार कोस दूरच्या माणसांसाठी मी नुसता माणूस होतो. माझी भाषा बोलणाऱ्यालाच तेवढा मी कळलो. आणि कळलो म्हणजे काय? माझ्या हातची चादर त्याला चालत होती, कारण ती घालायला दुसरा कोणी नव्हता. माझ्या हातचा चहा चालत होता. मी घडी घातलेली बनियन अंगाला चालत होती. नाण्यापुरता मात्र त्याचा धर्म जागा व्हायचा. स्वस्तातला धर्म.

कौसाबाई तिथं न्हाणीघरं धुवायची. आमच्याच भागातली, आमच्याच समाजाची, विधवा. मी तिला मावशी म्हणायचो. तिला सगळेच साहेब खाली टाकून द्यायचे. तिचं आडनाव विचारायची कोणाला गरज पडली नाही. हातात झाडू दिसत होता. मी स्वयंपाकघरामागं तोंड पाडून बसलो होतो तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बिडी विझवत म्हणाली, "उचलत जाय ना बापा. खालची पावली दुकानदार घेत नाही का? मी एवढी वर्सं उचलूनच राहिली." मला तिचाही राग आला. तिला माझी कीव आली असणार.

पुढचा रविवार. ठण्ण. या वेळी पावली माझ्या पायापाशीच थांबली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला चाचांचं उभं बोट दिसलं. फर्श पे गिरा, सब साहब का. वा! मी पावली उचलली, पण खिशात घातली नाही. सलाम केला नाही. सरळ मॅनेजरकडे गेलो आणि टेबलावर ठेवली. नऊ नंबर साहेबांच्या फरशीवर सापडली, म्हणालो. मॅनेजरनं माझी पाठ थोपटली. ईमानदार लडका.

जेवणाच्या वेळी चमचा वाजला. "कमरा नंबर नौ. एक चवन्नी. फर्श पर मिली." सगळे वळले. साहेबांच्या हातातला घास तसाच राहिला. उठून न्यावी तर आपली आहे हे कबूल. न न्यावी तर कपाटात बसणार, काचेमागं, कंगव्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. ते बसून राहिले. पावली कपाटात गेली.

त्यांना वाटलं, पोरगं मूर्ख आहे. त्यांनी पुन्हा टाकली. मी पुन्हा जमा केली. पुन्हा चमचा, पुन्हा नऊ नंबर. पंजाबी साहेब टेबलावरून ओरडले, "अरे भाई, दर्जी बदलो, जेब फटी है तुम्हारी." हॉल हसला. मी भाताचं भांडं धरून उभा होतो, दुसऱ्या बटणाकडे बघत, अगदी चाचांच्या शिस्तीत. चाचांना एव्हाना सगळं कळलं होतं.  त्या काचेच्या कपाटाला ते स्वतः फडकं मारायला लागले. रोज. काच अशी लख्ख, की पावल्या दारातून दिसाव्यात.

हसू नका एवढ्यात. मी हसत नव्हतो. रोज रात्री मामा विचारायचा, सही झाली का. आईचं पत्र यायचं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: क्वार्टर कधी? मी पावल्यांचा खेळ खेळत होतो तो आईचं छप्पर डावाला लावून. माहीत होतं मला. थांबता मात्र येत नव्हतं.

शेवटी साहेबांनी बोलावलं. रविवारी, जेवणाआधी, व्हरांड्यात. मुद्दाम व्हरांड्यात, खुर्च्यांवर चार साहेब पेपर वाचत बसलेले. चाचा सरबताचा ट्रे घेऊन उभे. पलीकडं कौसाबाई फरशी पुसत होती. साहेबांच्या मांडीवर माझा दाखला होता. लिहून पूर्ण. सहीची जागा तेवढी कोरी.

"हे बघ, मला तुझं वाईट करायचं नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मी देतो ते घे, सलाम कर आणि सही घेऊन जा."

पेन उघडलं. पावली काढली. आणि टाकली.

व्हरांड्यातले पेपर खाली आले. मला आई दिसली, पाटलाच्या अंगणाबाहेर. वरून भाकर पडायची तिच्या पदरात. ती कधी अंगणाच्या आत गेली नाही आणि त्यांचा हात कधी पदराला लागला नाही. मी तिला क्वार्टरमध्ये आणणार होतो ते या रीतीतून सोडवायला. आणि त्यासाठी मी वाकून तीच रीत उचलून खिशात घालणार?

"साहेब, तुमची पावली पडली," मी म्हणालो. आणि ताठ उभा राहिलो.

दाखला गेला, हे इथंच सांगून टाकतो. उगाच आशा लावून बसू नका. साहेबांनी तो माझ्यासमोर फाडला. आठवड्याभरात हॉस्टेलही सुटलं. मी ठेकेदाराकडे सिमेंटची घमेली वाहिली, आई आणखी काही वर्षं तिकडंच राहिली, आणि याचं दुःख मला आजही आहे. पण तिथं उभ्या उभ्या एक गोष्ट पक्की झाली ती झाली. वरून टाकलेलं घेणार नाही. पैसा नाही, पाणी नाही, कौतुक नाही, दया तर नाहीच. ज्याला द्यायचंय त्यानं माझ्या हाताला हात लावून द्यावं. नाही तर त्याच्या देण्यासकट त्यानं चालू लागावं. पुढं कारखान्यात लागलो, युनियनमध्ये गेलो, पोरांची लग्नं केली, सगळीकडं हीच अट ठेवली. ती मोडलेली नाही. मोडणार नाही.

पण त्या दुपारी शेवटचं बोलणं माझं नव्हतं.

फाटलेले तुकडे पावलीभोवती पडले होते. साहेबांचा चेहरा लाल झालेला. इतक्या लोकांसमोर पावली खाली पडून राहिली, हे त्यांना सहन होईना. ते कौसाबाईकडे वळले. ती तर नेहमी उचलायची. बक्षीस तुला, ते म्हणाले. उचल आणि या शहाण्याला दाखव कसं घ्यायचं असतं.

मावशीनं फडकं बादलीत पिळलं. पावलीकडे बघितलं. मग एक हात कमरेवर, एक हात भिंतीला लावून ती सावकाश उभी राहिली. मी तिला त्या व्हरांड्यात सरळ उभी राहिलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. साहेबापेक्षा उंच होती ती. आणि भरल्या व्हरांड्यात म्हणाली,

"माही तं कंबर गेली साहेब वाकून वाकून. आता तुमी वाका."