ताईचं नाव आणि साऱ्या जगाचा पासपोर्ट

माघ पौर्णिमा, सकाळची वंदना आटोपल्यानंतर. रक्कम बारा हजार रुपये. सहा जणांचे प्रत्येकी दोन हजार, पासपोर्टची आगाऊ रक्कम म्हणून. हजर: विहाराचे अध्यक्ष, ते सहा जण (त्यांच्यात माझी थोरली बहीण), बहिणीचा मुलगा, सहलीचा खजिनदार म्हणून मी, आणि एजंट. पैसे माझ्या शर्टाच्या खिशात होते आणि दुपारी घरी परतलो तेव्हाही तिथेच होते. हे आधीच सांगतो, कारण नंतर लोक वेगळंच बोलले.

विहारातर्फे आम्ही एकोणीस जण श्रीलंकेला जाणार होतो. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा, एवढंच ताईने आयुष्यात स्वतःसाठी मागितलं होतं. ती बासष्ट वर्षांची, वळ गावात दिलेली, पंधरा वर्षांपूर्वी नवरा गेला. पासपोर्ट नसलेल्या सहा जणांपैकी पाच जणांनी कधी अर्जच केला नव्हता. ताईची अडचण निराळी होती. तिच्या आधारकार्डावर जन्माचं नुसतं वर्ष आहे. पूर्ण तारीख आहे ती शाळेच्या दाखल्यावर, आणि दाखल्यावर नाव वेगळं. लग्न होऊन ती वळला गेली तेव्हा सासूचं नाव तेच निघालं. एका चुलीपुढे एकाच नावाच्या दोघी कशा, म्हणून चुलतसासूने उंबऱ्यातच तिला दुसरं नाव ठेवलं. कुणी विचारलं नाही, कुठे नोंदलं नाही. पुढे रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारवर तेच चढत गेलं. म्हणजे कागदावर तारीख एका बाईची होती आणि पत्ता दुसरीचा.

एजंट सहाही जणांसाठी एकच उपाय घेऊन आला होता. चौदा हजारात पासपोर्टसारखी एक पुस्तिका. कुठल्याही सरकारची नाही, परदेशातल्या एका संस्थेची. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, सोनेरी पृथ्वी, आत फोटो.

"काका, टेन्शन नका घेऊ. ना जन्मदाखला, ना पोलीस. दहा दिवसांत हातात."

"नकली आहे?" मी विचारलं.

"नकली कसा? नकली म्हणजे दुसऱ्याची कॉपी. हा कुणाची कॉपीच नाही. अनऑफिशियल आहे. फरक आहे ना."

"फरक आहे," मी म्हणालो. "कुठे चालतो?"

"पुष्कळ देशांत चाललाय." त्याने मोबाइलवर एका शिक्क्याचा फोटो दाखवला. देशाचं नाव वाचता येत नव्हतं, तारीखही नाही.

मी वडप्याला गोदामात बिलांचं काम करतो. पंचवीस वर्षं मालाचे कागद पाहतोय. कागद छापणारा कोण याने माझ्याकडे काही ठरत नाही. माल उतरवून घेणारा त्यावर सही करतो की नाही, यावर ठरतं. छापील बिल कितीही देखणं असो, पोच नसेल तर ते रद्दी.

पण तेवढ्यात एजंट ताईकडे वळला आणि त्याने असं काही विचारलं की माझा मुद्दा बाजूला पडला.

"मावशी, नाव काय टाकू? तुम्ही सांगाल ते."

ताईने शाळेतलं नाव सांगितलं. ते मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आईनंतर त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, मीसुद्धा ताईच म्हणतो.

भाचा हसला. "आई, हे कोण आता?"

"मी," ताई म्हणाली.

मी पैसे दिले नाहीत. पोच दाखव, मग पैसे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. अध्यक्षांना ते लागलं. "आपल्यातला पोरगा धंदा करतोय आणि तुम्ही त्याला नाक्यावरच्या ट्रकसारखा अडवता," ते म्हणाले. मी म्हटलं, ट्रक अडवला तर निदान माल परत गोदामात येतो, परक्या विमानतळावर अडवलेली माझी बहीण कुठे जाईल? एजंट म्हणाला, ठीक आहे, मावशींचा नमुना फुकट करून आणतो, बघा आणि मग द्या.

तो आणलाही. ताईचा फोटो, ताईचं खरं नाव, पूर्ण जन्मतारीख. पहिल्या पानावर इंग्रजीत मजकूर होता, तो मी ताईला मराठीत वाचून दाखवला: प्रत्येक माणूस साऱ्या पृथ्वीचा नागरिक आहे आणि त्याला कुठेही जायला कुणी अडवू नये. मला हे वाक्य वाईट वाटलं नाही. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर अडवलं जायचं. अडवू नये हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाने ते वाक्य वाचलेलं नसतं, हेही आम्हालाच ठाऊक आहे.

"उद्या पोस्टात जाऊ," ताई म्हणाली. "बचत खातं काढायचंय. बघू घेतात का."

भिवंडीच्या पोस्टात खिडकीवर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. ताईने पुस्तिका सरकवली. बाईंनी पुढून पाहिली, मागून पाहिली.

"मावशी, हे कुठल्या देशाचं?"

"सगळ्या जगाचं हाय."

"मग जगाच्या पोस्टात जा. इथे भारताचं लागतं."

मागच्या रांगेतला एक लूमवाला हसून म्हणाला, "अम्मा, हमारे लिए भी एक बनवा दो. कारीगरांना गावी जायला बरं."

ताईही हसली. पुस्तिका पिशवीत टाकून बाहेर आली आणि पायरीवर थांबून म्हणाली, "जिथं मला रोज बघतात तिथं घेत न्हाय, तर कोलंबोत काय घेणार? पण नाव मात्र मी आता हेच लावणार. खऱ्या पासपोर्टवर."

त्या रविवारी मी सहा जणांचे पैसे विहारातच परत केले. पाच जणांनी रीतसर अर्ज केले. ताईचं तसं सरळ नव्हतं. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्रात नोंद, मग आधार दुरुस्ती, मग अर्ज. भाच्याचा विरोध होता. मामा, तुम्हीच तिला चढवताय, असं तो मला म्हणाला. त्याला मी तिचा दाखला वाचायला दिला.

"अख्खं गाव तुला त्याच नावानं ओळखतं, आई. बाबांनी त्याच नावानं संसार केला."

"गावाला पासपोर्ट लागत न्हाय," ताई म्हणाली. "मला लागतोय. आणि तुझ्या बापानं मला उभ्या जन्मात नावानं हाक मारली न्हाय. 'अगं' म्हणायचा."

यात विहाराची सहल निघून गेली. ताई वगळून अठरा उरले, मीही तिच्यासाठी राहिलो म्हणून सतराच गेले. जाताना अध्यक्ष म्हणाले, "बघा, हट्टापायी चुकली." ताईने त्यांना तिथे वाहण्यासाठी फुलांचे पैसे दिले.

अर्ज झाल्यावर चौकशीला हवालदार वळ गावी आला. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानात ताईचं नवं, म्हणजे जुनं, नाव विचारलं.

"अशी बाई इथं न्हाय," दुकानदार म्हणाला. शेजारणीनेही मान हलवली. हवालदार वहीत लिहायला लागला. त्याने तसं लिहून नेलं असतं तर अर्ज तिथेच संपला असता. भाचा ओट्यावर बसला होता. तो गप्प राहू शकला असता. तो उठला आणि म्हणाला, "साहेब, हाय. माझी आई हाय ती."

ताई हात पुसत बाहेर आली. दुकानदार म्हणाला, "मावशी, चाळीस वर्षं उधार दिली आणि नाव आज कळलं व्हय?"

"उधारी जुन्या नावावरच राहू दे," ताई म्हणाली. दुकानदाराने आणि शेजारणीने साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

हवालदार जाईना. "मावशी, चहापाण्याचं बघा."

"बघते," म्हणून ताईने त्याला चहा दिला आणि पाणी दिलं. दोन्ही त्याने घेतलं. आणखी काही लागलं तर पावती लागेल, असं मी म्हणालो. मग तो गेला.

पासपोर्ट आला. थंडीत आम्ही दोघं भावंडं गेलो. कोलंबोच्या खिडकीतल्या माणसाने ताईचं नाव चुकीच्या उच्चारात वाचलं. ताईने ते दुरुस्त करून सांगितलं, तो पुन्हा बरोबर म्हणेपर्यंत ती हलली नाही. मग त्याने शिक्का मारला. मी त्या पानाचा फोटो काढून एजंटला पाठवला. तारीख स्पष्ट वाचता येते.

एजंटने आधीच नमुन्याचे दोन हजार मागितले होते. फुकट म्हणाला होतास, याला आठ साक्षीदार आहेत, असं मी कळवलं. तेव्हा त्याने पुस्तिका परत मागितली. ताईने त्यातला आपला फोटो नखाने सोलून काढला आणि मग दिली.

एकूण दिलं ते असं. भारत सरकारला पासपोर्टची फी तेराशे पन्नास, ज्येष्ठ नागरिकांची सवलत वजा जाऊन. राजपत्राची, प्रतिज्ञापत्राची आणि जाहिरातीची रक्कम वेगळी, तिन्हींच्या पावत्या आहेत. हवालदाराला एक कप चहा. एजंटला काही नाही.