शीतलची उजवी बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोरासमोर असतो तर जीभच रेटली नसती.

मी गणिताची बाई. आता सांगलीजवळ असते, पण हे घडलं ते माण तालुक्यात, म्हसवडच्या पलीकडच्या एका गावात. नवरा, सासू, घर सगळं सांगलीला, आणि नोकरीपायी मी तिकडे एका खोलीत. शाळा सुटली की सगळं गाव आपापल्या घरी जायचं आणि मी कुलूप उघडायचे. चहाचं आधण सवयीनं दोघांचं पडायचं. ते तसंच संपवायचं, दुसरं काय?

मग शीतल यायला लागली. तेव्हा सहावीत होती. तिचे आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडाला परत. तेवढे महिने ती चुलतीकडे. तिला त्या घरात कुणी विचारायचं नाही, मला या खोलीत. जमलं आमचं. उंबऱ्यात बसून शेंगा फोडून द्यायची आणि निम्म्या स्वतःच खायची.

तिचा डावा गाल भाजलेला होता. तान्ही असताना आईच्या हातून उकळत्या दुधाचं पातेलं कलंडलं. कातडी ओढून डोळ्याची कड खाली आली होती. हे तिनंच एकदा सांगितलं, शेंगा खाता खाता, काही विशेष नसल्यासारखं. मला तर तो गाल दिसेनासाच झाला होता. निदान मी तसं समजत होते.

तर — आमच्याकडे महिन्याला शिक्षण परिषद भरते. आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात आणि त्यांच्यापुढे एकानं आदर्श पाठ घ्यायचा. आदर्श पाठ म्हणजे काय? वर्गात आधीच दोनदा घेऊन झालेला पाठ. पुढच्या वर्षी, शीतल सातवीत असताना, दिवाळीच्या सुट्टीआधी माझी पाळी आली. मी विषय घेतला सममिती.

कागदाच्या घड्या सगळेच घालून दाखवतात. चौरसाचे चार अक्ष, आयताचे दोन. समांतरभुज चौकोनाशी पोरं हमखास फसतात — कर्णावर घडी घालतात, टोकं बाहेर डोकावतात, तरी जुळलं म्हणून हात वर. मी दरडावायचे, जुळत नाही तर जुळत नाही म्हणा! काय तोंडानं म्हणायचे, बघाच पुढे.

मला काहीतरी वेगळं करायचं होतं. मोबाइलवर प्रत्येक पोराचा फोटो काढला. नाकावरून उभी रेघ धरून चेहऱ्याचे दोन भाग केले. मग एकेक भाग आरशातल्यासारखा उलटवून त्यालाच जोडला: एका चित्रात दोन्हीकडे डावी बाजू, दुसऱ्यात दोन्हीकडे उजवी. कुणी जाडं दिसायचं, कुणी बारीक. माणसाचा चेहरा कधीच तंतोतंत जुळत नाही, हे पोरांना कळावं, एवढाच खरा धडा होता.

शीतलचं मात्र मी एकच चित्र केलं. उजव्या बाजूचं. डाव्या बाजूचं केलंच नाही — नाही, हेही खोटं. केलं होतं. पाहिलं, आणि पुसून टाकलं.

सरावाच्या दिवशी मी चित्रं छापून आणली, तेव्हा तिनं ते एकुलतं चित्र हातात घेऊन विचारलं, "बाई, ही कोन?" मी म्हटलं, "तूच की गं. बघ, किती छान दिसतेस." तिनं चित्र बाकावर पालथं ठेवलं. मला ते लाजणं वाटलं. खरंच वाटलं होतं का? की वाटून घेतलं?

पाठ गाजला. पाहुण्या शिक्षकांनी नेमकं तेच चित्र हातोहात फिरवलं. पोरगी देखणी आहे म्हणाले, कल्पना नामी आहे म्हणाले, टाळ्या वाजवल्या. त्या गावात तीन वर्षांत पहिल्यांदाच माझं कुणी कौतुक केलं होतं. मी हुरळले. सगळी चित्रं वर्गाच्या भिंतीवर लावली.

दिवाळी झाल्यावर शीतलची आई शाळेत आली. दोन दिवसांनी मेंढरं निघायची होती. बाईंनी पोरांचे फोटो काढलेत, हे तिच्या कानावर गेलं होतं. म्हणाली, "बाई, आमी रानोमाळ हिंडतो. तितं हिचं त्वांड दिसत न्हाई. एक फोटू द्या, पिशवीत ठिवीन."

मग भिंतीकडं बघून विचारलं, "ही कुणाची पोर वं?"

पोरं ओरडली, "आवं मावशी, शीतलच हाय की ती!"

ती जवळ गेली. पुन्हा पुन्हा बघत राहिली. मग माझ्याकडं वळून एवढंच विचारलं, "आसा का केला?"

मुख्याध्यापक दारात उभे होते. सगळा वर्ग बघत होता. आणि मी म्हटलं, "शीतलनंच सांगितलं. मला असाच पाहिजे म्हणाली."

आईनं लेकीकडं पाहिलं. "व्हय गं? तू म्हनलीस?"

शीतलनं माझ्याकडं पाहिलं. पोरगी मला खोटं पाडू शकली असती. तिनं मान खाली घातली. "व्हय. मीच म्हनले."

"माज्याच हातनं झालं की गं त्ये," आई म्हणाली. रडली नाही. ते चित्र मागून घेतलं आणि पदरात गुंडाळलं, लेकीला असंच आवडतं म्हणून. तिचा खरा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मोबाइल पर्समध्ये, पर्स खांद्याला. मी हात घातला नाही.

त्यानंतर शीतल माझ्या खोलीवर आली नाही. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायची, नीट द्यायची. मी बोलावलं असतं तर कदाचित आली असती, पण काय म्हणून बोलावणार होते? वर्ष सरलं, माझी बदली झाली. आता घरात माणसं आहेत, चहा चार कपांचा होतो. तरी सममिती शिकवायला उभी राहिले की त्या वर्गात मी एकटीच असते.

तिची आई ते चित्र पिशवीत घालून घाट उतरली. लेकीला आपलं तोंड नकोसं झालंय आणि ते आपल्याच हातानं झालंय, असं समजून. शीतलनं तिला खरं सांगितलं नसणार. मी तर सांगितलंच नाही.

ते तोंड शीतलला कधीच नको नव्हतं. मला नको होतं.